बारावीचे मार्क, एफवायची लॅब आणि मधे कोणीच नाही : खाडीकाठच्या एका ज्युनिअर कॉलेजचं प्रकरण

पास होण्यात आमची रत्नागिरी-सिंधुदुर्गची मुलं कुठेच कमी नाहीत. 2024 ला बारावीचा राज्याचा निकाल 93.37 टक्के होता आणि कोकण विभागाचा 97.51, 2025 ला राज्य 91.88 आणि कोकण 96.74, पेपरात दरवर्षी तीच हेडिंग, कोकण पुन्हा अव्वल, आणि मला त्याचा अभिमान आहे, खरंच आहे, कारण खाडीच्या पलीकडून तरीने, म्हणजे होडीने, उतरून आणि मग एसटी पकडून येणारी मुलं मी रोज बघते. पण हीच मुलं तालुक्याच्या कॉलेजला एफवायला, म्हणजे डिग्रीच्या पहिल्या वर्षाला, जातात आणि पहिल्याच सेमिस्टरला त्यातल्या बऱ्याच जणांना केटी लागते, म्हणजे विषय राहतात आणि पुन्हा द्यावे लागतात, काही जण दुसऱ्या सेमिस्टरला दिसतच नाहीत, चौकशी केली की कळतं मुंबईला काकाकडे गेला, कुठेतरी कामाला लागला. मग बारावीच्या त्या मार्कांनी आपल्याला नेमकं काय सांगितलं होतं?

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. पूर्णगड ते जैतापूर या पट्ट्यातल्या एका गावात, हायस्कूलला जोडलेलं ज्युनिअर आहे आमचं, सायन्सची एकच तुकडी. खाली लिहितेय ते आमच्या आणि तालुक्याच्या एका सिनियर कॉलेजच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटच्या मधे घडलेलं आहे, नावं मुद्दाम टाकत नाही. थोडं सविस्तर लिहितेय कारण बाकीच्या ज्युनिअरवाल्यांना यातून काहीतरी करता येईल असं मला मनापासून वाटतं.

आधी नेहमीचं भांडण सांगते म्हणजे पुढचं कळेल. सिनियरवाले म्हणतात ज्युनिअरवाल्यांनी काही शिकवलं नाही, आम्ही म्हणतो हायस्कूलमधून कच्ची आली, हायस्कूलवाले झेडपीच्या शाळेकडे बोट दाखवतात आणि झेडपीचे गुरुजी म्हणतात घरी कोणी बघत नाही. ही साखळी वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्यात कोणीही कोणाच्या वर्गात कधी जाऊन बसत नाही. सिनियरच्या प्राध्यापकांना अकरावीचा पेपर कसा असतो ते माहीत नाही, आणि एफवायच्या पहिल्या महिन्यात मुलाकडून काय अपेक्षा असते ते मलाही कोणी कधी कागदावर लिहून दिलेलं नव्हतं. बोर्डाचा पॅटर्न मला पाठ आहे, थिअरी 70, प्रॅक्टिकल 30, मी त्या 100 ची तयारी करून घेते. सीईटीवाले क्लास सीईटीची करून घेतात, केमिस्ट्रीचे 50 प्रश्न, 20 टक्के अकरावीवर आणि 80 टक्के बारावीवर, निगेटिव्ह मार्किंग नाही. पण जो मुलगा इंजिनिअरिंगला नाही, फार्मसीला नाही, साधा बीएस्सीला जाणार आहे त्याची त्या बीएस्सीसाठी तयारी झाली का हे कोणती परीक्षा तपासते, तर कोणतीच नाही.

म्हणून त्या कॉलेजने स्वतःची एक टेस्ट सुरू केलेली होती. अ‍ॅडमिशन आटपल्या की ऑगस्टमध्ये एफवायच्या सगळ्यांना बसवायचं, सगळे ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, सगळे इंग्रजीत, आणि ज्यांचे मार्क कमी त्यांना ब्रिज कोर्सला, म्हणजे कच्चं राहिलेलं भरून काढायच्या जास्तीच्या वर्गाला, टाकायचं. हेतू वाईट नव्हता. पण वेळ बघा, ऑगस्टमध्ये टेस्ट, निकाल लागेपर्यंत गणपती, कोकणात गणपती म्हणजे कॉलेज बंद आणि मुलं घरी, परत येऊन बसेपर्यंत इंटर्नल तोंडावर. ब्रिज कोर्स कुठे घेणार? नियमित तासांच्या आधी सकाळी सात वाजता, आणि आमच्या गावातून पहिली एसटी तालुक्याला पोचते ती साडेआठला. म्हणजे ज्यांच्यासाठी तो कोर्स होता तीच मुलं गैरहजर.

आमची एक विद्यार्थिनी त्या टेस्टमध्ये तळाला आली. तिचे वडील बोटीवर खलाशी आहेत, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि अ‍ॅडमिशनची फी भरायची वेळ नेमकी तीच, तरी आईने कुठून कुठून पैसे उभे करून तिला बीएस्सीला घातलं होतं. बारावीला प्रॅक्टिकलला तिला 30 पैकी 29 होते. डिपार्टमेंटच्या मॅडमचा मला फोन आला, जरा चिडूनच, की तुमच्याकडे 29 घेतलेली मुलगी इथे ब्युरेट (द्रावण थेंबथेंब सोडायची खुणांची नळी) भरून झाल्यावर विचारते, मॅडम, रीडिंग किती यायला पाहिजे?

हा प्रश्न मला नवीन नव्हता, आणि कोकणातल्याच काय महाराष्ट्रातल्या कुठल्याही केमिस्ट्रीच्या शिक्षकाला नवीन नसणार. जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, टायट्रेशनचा (एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून तीव्रता काढायच्या प्रयोगाचा) तक्ता आधीच भरलेला असतो, 10.1, 10.2, 10.2, गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेला, प्रॅक्टिकल परीक्षेला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येतात, एका दिवसात बॅचमागून बॅच उरकायची असते, निम्म्या ब्युरेटचे नळ गळत असतात, आणि मुलाने जर्नल पूर्ण केलंय, तोंडी दोन उत्तरं दिलीत, रीडिंग अपेक्षेच्या जवळ आहे तर मार्क द्यायचे. त्या व्यवस्थेत मुलगी अगदी योग्य गोष्ट शिकली होती, आधी उत्तर विचारून घ्यायचं आणि मग तिथपर्यंत पोचायचं. पण डिग्रीच्या लॅबमध्ये उत्तर कोणालाच माहीत नसतं, ते काढायचं असतं.

फोनवर वाद घालण्यापेक्षा मी म्हटलं मी येते, तिची उत्तरपत्रिका बघू. गेले. आणि तिथे जे दिसलं त्यावरून हे सगळं प्रकरण पुढे गेलं. टेस्टमध्ये एक प्रश्न होता, पोटॅशियम परमँगनेट कोणत्या प्रकारचा इंडिकेटर आहे, चार पर्याय, तिचं उत्तर चुकलेलं, तिने सेल्फ इंडिकेटर, म्हणजे स्वतःच्या रंगावरूनच प्रयोगाचा शेवट दाखवणारा, हा शब्द ओळखलाच नव्हता. मी मॅडमना म्हटलं तिला बोलावू या आणि मराठीत विचारू. ती आली, घाबरलेली. तिला विचारलं की ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये परमँगनेट टाकताना काय काय दिसतं ते सांग. तर ती म्हणाली की पहिले थेंब पडले की गुलाबी रंग लगेच जात नाही, राहतो जरा वेळ, फ्लास्क हलवत बसावं लागतं, आणि नंतर मात्र थेंब पडला रे पडला की रंग गायब, आणि गरम कमी केलं असेल तर सुरुवातीला अजूनच वेळ लागतो, आणि शेवटी एक थेंब पडतो तो जातच नाही, तिथे थांबायचं.

मॅडम गप्पच झाल्या. कारण हे तिने डोळ्यांनी बघितलेलं होतं. सुरुवातीला रिअ‍ॅक्शन मंद असते म्हणून आपण 60-70 डिग्रीपर्यंत तापवतो, आणि जसजसं मँगनीज आयन तयार होतं तसतसं तेच पुढची रिअ‍ॅक्शन वेगाने करतं, हे एफवायला शिकवायला लागतं, आणि ही मुलगी ते निरीक्षण घेऊन आलेली होती, नाव तेवढं माहीत नव्हतं. म्हणजे बोर्डाच्या 29 मार्कांनी तिच्याबद्दल जे सांगितलं तेही खरं नव्हतं आणि कॉलेजच्या टेस्टने तिला तळाला टाकलं तेही खरं नव्हतं. एकाने तिचं जर्नल मोजलं आणि दुसऱ्याने तिचं इंग्रजी.

इथे जरा बाहेरचं सांगते, कारण हा प्रश्न फक्त आपला नाही आणि त्यावर इतर ठिकाणी काय केलं गेलं ते आपल्याला उपयोगी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 2004 पासून तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीने राज्याच्या शिक्षण खात्याबरोबर मिळून असं केलं की अकरावीच्या राज्य परीक्षेतच युनिव्हर्सिटीचे थोडे जास्तीचे प्रश्न आणि एक निबंध जोडला. ज्याला द्यायचे त्याने द्यायचे. निकाल बारावी सुरू व्हायच्या आत हातात, जो तयार दिसतो त्याला कॉलेजमध्ये गेल्यावर वेगळी प्लेसमेंट टेस्ट (कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी) माफ, आणि जो तयार नाही त्याच्याकडे अख्खी बारावी शिल्लक. शिवाय त्या बारावीसाठी वाचन-लेखनाचा एक कोर्स युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक आणि शाळांचे शिक्षक यांनी एकत्र बसून तयार केला. पुढे 2010 मध्ये तिथल्या केंद्र सरकारने सुमारे 33 कोटी डॉलर देऊन राज्यांचे दोन गट उभे केले, पार्क आणि स्मार्टर बॅलन्स्ड, त्यांच्याही परीक्षांमागे हीच कल्पना, की शाळेच्या परीक्षेत तयार ठरलेल्या मुलाला कॉलेजने परत पायाभूत वर्गात बसवू नये, आणि त्यासाठी कॉलेजवाल्यांनी परीक्षा बनवतानाच टेबलावर असायला पाहिजे. पार्कमधून नंतर बरीच राज्यं बाहेर पडली. आणि कॅलिफोर्नियाच्या त्याच युनिव्हर्सिटीने 2017 मध्ये आपली प्लेसमेंट टेस्ट आणि क्रेडिट न मिळणारे पायाभूत कोर्स दोन्ही बंद करायचं ठरवलं, 2018 पासून मुलं थेट क्रेडिटच्या कोर्सला आणि मदत त्या कोर्सबरोबरच.

मला यातून दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक, तयारी तपासायची तर मुलाच्या हातात वर्ष शिल्लक असताना तपासा, दारात उभं करून नाही. दुसरी, कॉलेजने शाळेकडे नुसती अपेक्षा ठेवून चालत नाही, बदल्यात शब्द द्यावा लागतो, की तुमच्याकडे झालेलं मूल्यमापन आम्ही मानू.

आपल्याकडे असं काही राज्यपातळीवर व्हायची वाट बघत बसलो असतो तर अजून बसलेलोच असतो. पण अकरावी हे वर्ष आपल्याच हातात आहे हे लोकांच्या लक्षात येत नाही. अकरावीला बोर्डाचा पेपर नाही, पेपर आपण काढतो, आपण तपासतो, आणि खरं सांगायचं तर सगळीकडे हे वर्ष दहावीच्या दमणुकीनंतरची विश्रांती म्हणून वाया जातं. एनसीईआरटीच्या परख या मूल्यमापन केंद्राने 2024 मध्ये सुचवलं होतं की बारावीच्या अंतिम निकालात नववीपासूनचे मार्क धरावेत, नववी 15 टक्के, दहावी 20, अकरावी 25 आणि बारावी 40. ते कधी होईल तेव्हा होईल, पण अकरावीला वजन द्यायला कोणाच्या जीआरची गरज नाही असं मी आमच्या मुख्याध्यापकांना सांगितलं आणि ते हो म्हणाले.

मग दिवाळीनंतर आम्ही अकरावीला एक काम ठेवलं. कॉलेजच्या डिपार्टमेंटने आणि आम्ही मिळून काढलेलं. साधं अ‍ॅसिड-बेस टायट्रेशन, अकरावीच्या सिलॅबसमधलंच, फक्त प्रत्येक टेबलावरचं सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण वेगळ्या तीव्रतेचं, म्हणजे शेजारच्याचं रीडिंग बघून उपयोग नाही आणि जर्नल उघडूनही नाही. तसंही आमच्याकडे ते द्रावण कधीच बाटलीवर लिहिलेल्या तीव्रतेचं निघत नाही, कोकणातल्या पावसाळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतलं पाणी ओढून घेऊन चिकटतात आणि बाटलीत नुसती ढेप होते, कुठल्याही लॅबवाल्या मामांना विचारा. लिहायचं काय, तर सगळी रीडिंग जशी आली तशी, त्यातलं कोणतं घेतलं नाही आणि का, युनिटसकट आकडेमोड, आणि शेवटी एक प्रश्न, ब्युरेट नुसती पाण्याने धुतली आणि द्रावणाने खंगाळली नाही तर रीडिंग वाढेल का कमी होईल, आणि कशावरून म्हणतेस. भाषेवर बराच वाद झाला. डिपार्टमेंटचं म्हणणं पुढे इंग्रजीतच लिहायचंय तर आत्तापासून सवय नको का, माझं म्हणणं की आपण केमिस्ट्री तपासतोय. शेवटी ठरलं, कारणं मराठीत चालतील पण शास्त्रीय शब्द इंग्रजीच, आणि इंग्रजीचं काय करायचं ते बारावीत वेगळं बघू.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते पेपर तपासताना. कॉलेजकडून एक तरुण सर आले होते आणि आमच्याकडून मी आणि माझी सहकारी, तिघांनी तेच पेपर वेगवेगळे तपासले आणि मग मार्क समोरासमोर ठेवले. एका मुलाची रीडिंग 9.7, 9.7, 9.7, स्वच्छ अक्षर, चौकट आखलेली. माझ्या सहकारीने पूर्ण मार्क दिले, सरांनी रीडिंगचा शून्य दिला, म्हणाले गळक्या नळाच्या ब्युरेटवर पहिल्या फटक्यात तिन्ही सारखी येऊच शकत नाहीत. दुसऱ्या एका मुलीची 9.6, 9.8, 11.2, आणि खाली लिहिलेलं की तिसऱ्या वेळी नळ जास्त सुटला, रंग गडद गुलाबी झाला म्हणून ते धरलं नाही. सरांनी तिला पूर्ण दिले, माझी सहकारी म्हणाली अहो पण 11.2 म्हणजे प्रॅक्टिकल चुकलंच की, बोर्डाला असं लिहिलं तर एक्स्टर्नल मार्क कापतील. बराच वेळ यावर बोललो. मला वाटतं आमच्या दोन संस्थांमध्ये आजवर झालेली सगळ्यात कामाची चर्चा ती, कारण डिग्रीला काय लागतं हे पहिल्यांदा एका खऱ्या पेपरवर बोट ठेवून कोणीतरी सांगत होतं, आणि बोर्डाच्या चौकटीत आम्ही कशाला बांधलेले आहोत हे त्यांनाही पहिल्यांदा दिसत होतं. तेवढ्याने नवीन व्यवस्था उभी राहत नाही, पण एकमेकांवर ढकलायचं तरी थांबतं.

कॉलेजने बदल्यात काय दिलं? प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं की अ‍ॅडमिशन नियमानेच होणार, त्यात काही सूट नाही, आणि ते बरोबरच आहे, एका टायट्रेशनवर कोणाचा प्रवेश ठरायला लागला तर मीच आधी विरोध करेन. पण ज्यांचं हे काम नीट झालंय त्यांना ऑगस्टची टेस्ट द्यायला लागणार नाही, आणि ती टेस्ट बाकीच्यांसाठीही मराठी-इंग्रजी दोन्हीत असेल, एवढं लेखी मिळालं. आणि ब्रिज कोर्स सातला न ठेवता प्रॅक्टिकलच्या बॅचमध्येच जास्तीचा वेळ देऊन घ्यायचा. हे शेवटचं मला सगळ्यात मोठं वाटतं, एसटीने येणाऱ्या मुलांसाठी. मॅडमनी स्वतः आमच्या गावच्या गाड्यांचं वेळापत्रक मागून घेतलं होतं.

अडचणी भरपूर आहेत. सीईटीच्या क्लासला जाणाऱ्या मुलांच्या पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटला आणि त्यांनी तसं सांगितलं. आमची किती मुलं पुढे डी. फार्मला, नर्सिंगला, आयटीआयला जातात, कोल्हापूर-पुण्याला जातात, त्यांच्या कॉलेजांशी आमचा काही संबंध नाही, त्यामुळे आमच्या या कामाने त्यांच्या तयारीबद्दल काही कळत नाही. एकाच विषयाचं काम आहे, मॅथ्सला कोणी पुढे आलेलं नाही. आणि मार्च ते मे आंब्याचा सीझन, बागायतदारांची मुलं काढणी-पेटीभरणीत असतात, तेव्हा अकरावीतून बारावीत जाताना जी मदत द्यायची असं ठरलं होतं ती उन्हाळ्यात होऊच शकली नाही, जूनवर गेली.

पण मला सगळ्यात जास्त बोचतं ते वेगळंच आहे. ते जे तरुण सर पेपर तपासायला आले ते कॉलेजला सीएचबीवर आहेत, म्हणजे घेतलेल्या तासाचेच पैसे. आमच्याकडे यायला त्यांनी स्वतःच्या बाईकमध्ये पेट्रोल घातलं, त्या दिवशीचे त्यांचे तास बुडाले म्हणजे पैसे बुडाले, आणि हे काम त्यांच्या कुठल्याही कागदावर मोजलं जात नाही. माझी सहकारी अंशतः अनुदानित पदावर आहे, तिचाही रविवार गेला. उच्च शिक्षणाने शाळेच्या मूल्यमापनात भाग घ्यावा असं म्हणणं सोपं आहे, पण जो माणूस प्रत्यक्ष खाडी ओलांडून येणार त्याचे तास कोण धरणार? विद्यापीठाने हे काम ड्यूटी म्हणून मान्य केलं, पेपर सेटिंग आणि मॉडरेशनला जसं मानधन असतं तसं याला ठेवलं, तरच हे टिकेल. नाहीतर एखाद्या चांगल्या माणसाच्या हौसेवर वर्ष-दोन वर्षं चालेल आणि त्याला दुसरीकडे कायमची नोकरी लागली की बंद पडेल, आणि त्याला ती लागावी असंच मला वाटतं.

त्या मुलीबद्दल विचारतील म्हणून सांगते. पहिल्या सेमिस्टरला तिला दोन विषयांत केटी लागली, त्यात केमिस्ट्री नव्हती. दोन्ही सुटल्या आहेत. आता ती एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, आहे, इंग्रजीत लिहायला अजून वेळ लागतो.

यंदा आमच्या कॉमर्सच्या सरांनीही विचारलंय. त्यांना अकाउंट्ससाठी असंच काम हवंय, पुस्तकातल्या ठरीव व्यवहारांऐवजी मच्छीमार सोसायटीच्या डिझेलच्या, बर्फाच्या खऱ्या पावत्या मुलांसमोर ठेवायच्या आणि त्यावरून एंट्री करायला सांगायची. कॉलेजकडून अकाउंट्सचं जे कोणी येईल त्यांचा प्रवासखर्च आणि तासांचं मानधन आधी लेखी ठरवा, मगच तारीख काढा, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.